पाच सिस्टरांचा व्हिला

मी मूळची कंधार तालुक्यातली बगा ताई, कंधारच्या किल्ल्यापासून आमचं गाव दोन घंट्याच्या पायवाटेवर, आता तिथं डांबरी झाली, तवा न्हवती. बाबा शाळेत शिपाई होते, घंटी वाजवायचे, अन् घरात आम्ही चार भावंडं, मी तिसरी. आमच्या आज्यानं धम्माची दीक्षा घेतली तवापासून घरात एकच नेम, उपाशी राहा पण शाळा बुडवू नका. अन् नर्स व्हायचं कसं ठरलं ते सांगते. गावात एक नर्सबाई यायची, महिन्यातून दोनदा, पांढरी साडी, हातात पेटी, ती आली की पाटलाच्या वसरीवर तिला खुर्ची टाकायचे. ती बाई आमच्यातलीच होती, बाबांना ठाऊक होतं, गावालाबी ठाऊक होतं, तरी खुर्ची टाकायचे. बाबा एक दिवस घरी आले अन् आईला म्हणले, आपली सुशीला नर्स होणार. मला कुणी इचारलं न्हाई, पण खरं सांगू, इचारलं असतं तरी मी हावच म्हणले असते, मला त्या पेटीचं लई वेड होतं.

मंग नांदेडला ट्रेनिंगला आले. दीड वर्षाचं ट्रेनिंग, हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही पाच जणी. मी एक, दुसरी मेहरुनिसा, उदगीरची, तिच्या वडलांचं शिलाईचं दुकान, तिसरी वत्सला लातूरची, अन् दोन सुनंदा. दोन सुनंदा म्हणल्यावर गोंधळ व्हायला लागला, म्हणून एक लांब सुनंदा अन् एक गिड्डी सुनंदा, ते नाव आजबी तसंच हाय, त्यांच्या नातवंडांनाबी तेच ठाऊक हाय. नोकरीला लागलो तशा पाच दिशेला गेलो, कुणी मुखेडला, कुणी देगलूरला, मी पहिल्यांदा एका आडगावच्या उपकेंद्रात. पस्तीस-छत्तीस वर्षं गेली ताई, कशी गेली सांगता येत न्हाई. सण आला की ड्यूटी, रविवार आला की पोलिओचा डोस, लग्नात जेवायला बसलं की कुणीतरी येऊन हाक मारणार, सिस्टर, चला, पोट दुखून राहिलंय. सुट्टी म्हणजे काय असतंय ते आम्हाला न्हाई कळलं.

सगळ्यात शेवटी गिड्डी सुनंदा रिटायर झाली. तिच्या निरोपाच्या कार्यक्रमाला आम्ही चौघी गेलो, अन् नारळ-शाल झाल्यावर मागं खुर्च्यांवर बसून चिवडा खात होतो, तवा तीच म्हणली, आता पाचीजणींनी कुठंतरी जायाचं. लॉजवर न्हाई, नातेवाइकाकडं न्हाई, देवाला न्हाई. एक अख्खा व्हिला घ्यायचा भाड्यानं. तिची लेक पुण्याला कंपनीत हाय, तिनं मोबाइलवर फोटो पाठवले होते, कोकणातला व्हिला, समुद्र जवळ, अंगणात पव्हायचा तलाव, नारळी-पोफळी, अन् आपल्याशिवाय तिथं दुसरं कुणीच न्हाई. वत्सलानं घरी जाऊन जावेला सांगितलं, आम्ही व्हिला भाड्यानं घेऊन राहिलो. जाऊ म्हणली, अगं विळा भाड्यानं कशाला घ्यायचा, आपल्या घरात तीन हायत की, एक घेऊन जा.

आमच्या पोरानं फोनवर जरा कुरकुर केली. आई, तुम्ही पाच म्हाताऱ्या, अन् स्विमिंग पूल? त्यापेक्षा एखाद्या तीर्थाला जा की. म्हणलं, बाबा, तीर्थ पाण्याचंच असतंय अन् पूलबी पाण्याचाच असतोय, आम्ही पाण्यात जाऊन राहिलो एवढंच धर. आमचे मालक मास्तर होते, रिटायर हायत, ते पेपरातून मान काढून म्हणले, जा तू, मला खिचडी येती. त्यांना खिचडी येत न्हाई, ते मला ठाऊक हाय, त्यांनाबी ठाऊक हाय. पण माणूस तसं म्हणला हे लई झालं.

आता त्या पूलचा एक नियम होता, साडी घालून पाण्यात उतरायचं न्हाई. तो पोहायचा ड्रेस आमच्यानं काय घालणं होणार? मंग मेहरुनिसा म्हणली, नक्को फिकर करो, मैं सिलाती. तिनं एकाच ताग्यातून पाच जोड शिवले, गुडघ्याच्या खाली कुडता अन् सलवार, नायलॉनचं कापड, रंग पोपटी. पण पोपटी म्हणजे असा पोपटी ताई, की डोळे दिपावेत. मी म्हणलं, अगं हा कुठला रंग? ती म्हणली, जिंदगीभर सफेद पहना ना, अब चुप बैठ.

लातूरला वत्सलाच्या घरी सगळ्या जमलो. मेहरुनिसाचा जावई अश्फाक, त्याची स्वतःची मोठी गाडी हाय, तोच चालवणार होता. लांब सुनंदानं निघायच्या आधी एक कायदा केला. ह्या चार दिवसांत जी कुणी दवाखान्याचं, पेशंटचं, ड्यूटीचं नाव काढंल तिनं सगळ्यांची भांडी घासायची. मंजूर? मंजूर. धपाटे, शेंगाची चटणी, मेहरुनिसाचे शामी कबाब, असं खात, गाणी म्हणत, दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो.

गावाचं नाव काय मी सांगत न्हाई, एका पोरीची गोष्ट हाय अन् पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नसतंय, ते अजून अंगातून गेलं न्हाई माझ्या.

व्हिला बगितला अन् आम्ही दारातच उभ्या. लाल चिऱ्याची कंपाउंड भिंत, आत नारळी-पोफळीच्या रांगा, मधी निळंशार पाणी, अन् घराच्या भिंती काचेच्या. पलंगावर टॉवेलचे बदक करून ठेवलेले अन् वर गुलाबाच्या पाकळ्या. गिड्डी सुनंदा म्हणली, नव्या नवरीची खोली दिली वाटतं, पाच नवऱ्या अन् नवरा एकबी न्हाई. अन् न्हाणीला, काय सांगू तुम्हाला, छप्परच न्हाई! वर उघडं आभाळ. वत्सला आंघोळीला गेली अन् ओरडत बाहेर आली, अगं त्या माडावर कुणी चढलं म्हंजे? मंग छत्री घेऊन आत गेली. छत्री धरून आंघोळ केलेली बाई मी जन्मात पहिल्यांदा बगितली.

घराची देखरेख एक काकी करायच्या, पन्नाशीच्या, तिथल्याच, अन् त्यांची सून स्वयंपाक करायची. सुनेला आपण मालन म्हणू. नवरा तिचा बोटीवर कामाला, महिना महिना येत न्हाई. मालन पोटुशी होती, दिवस भरत आले होते. गोरीपान, हसरी, बारीक आवाजाची. तिनं आम्हाला घावन अन् नारळाच्या रसाचा नाष्टा दिला, त्याची चव अजून जिभेवर हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोपटी कपडे घालून पाण्यात उतरलो. मला पाण्याची भीती वाटती म्हणून मी पायरीवरच बसले, कमरेइतक्या पाण्यात. गिड्डी सुनंदा मातर माशासारखी, ती गोदावरीत पव्हायला शिकलेली. हसू, खिदळू, पाणी उडवू, असं चाललेलं. तेवढ्यात मालन चहाचा ट्रे घेऊन आली अन् माझ्या डोळ्यासमोर तिचे पाय आले. मी पाण्यात खाली, ती वर कडंला, म्हणून नीट दिसले. पाय सुजून टम्म. पैंजण मांसात रुतलेले. ट्रे ठेवताना तिनं बाजूच्या खुर्चीची पाठ धरली अन् दोनदा डोळे मिटून उघडले, अशी, जसं समोरचं नीट दिसत न्हाई. मी चहा उचलला पण प्यायला जाईना.

मी मनाशी म्हणलं, सुशीला, तू रिटायर झालीस. तिचा डॉक्टर असंल, तिची सासू हाय, तू पाव्हणी हायस, गप चहा पी. असं म्हणलं अन् तिथंच मला ती आठवली. ताई, हे मी कुणाला सांगत न्हाई. पहिल्या उपकेंद्रात मी एकवीस वर्षांची होते. एका घरात पोटुशी बाई, असेच पाय, असंच डोकं दुखणं. मी म्हणलं, कंधारला न्या हिला, आत्ताच्या आत्ता. घरातला म्हातारा म्हणला, सुगी हाय, बैलगाडी उद्या रिकामी व्हईल, उद्या बघू, तू पोरगी, तुला काय कळतंय. अन् मी गप बसले. एकदा म्हणले अन् गप बसले. पहाटे तिला झटके आले अन् ती गेली, लेकरूबी गेलं. मला कुणी दोष दिला न्हाई, उलट चहा दिला. तो चहा मी प्याले न्हाई, अन् त्या घराला चार वर्षं सुई टोचायला जाताना माझे पाय जड व्हायचे.

म्हणून मी कप खाली ठेवला अन् म्हणलं, बायांनो, भांडी मी घासते, पण त्या पोरीचे पाय बगितले का?

लांब सुनंदा म्हणली, मी काल संध्याकाळीच बगितले. मेहरुनिसा म्हणली, मैं भी देखी, बोटातली अंगठी निघत न्हाई तिची. म्हणजे पाचीजणींनी बगितलं होतं अन् पाचीजणी कायद्यापायी गप होत्या! असल्या कायद्याला आग लागो. वत्सलाला स्वतःला बीपी हाय, ती मशीन घेऊन फिरती, ती ओल्या अंगानंच आत पळाली. मालनला पलंगावर बसवलं, पट्टा बांधला. वरचं एकशे सत्तर, खालचं एकशे दहा. परत घेतलं, तेवढंच. मी इचारलं, डोकं दुखतंय का गं? म्हणली, चार दिवस झाले. डोळ्यापुढं काय होतंय? म्हणली, काजवे चमकल्यासारखं होतं. मी मेहरुनिसाकडं बगितलं, तिनं माझ्याकडं. ह्यात बाई बसल्या जागी झटके येऊन जाती, आम्ही बगितलेलं हाय.

आता काकी आडव्या. म्हणल्या, तारखेला अजून तीन आठवडे हायत, मंगळवारी दाखवायचंच आहे, पाय काय हो, पहिलटकरणीचे सुजतातच, आमचे नाही सुजले? अन् तुमचं जेवण कोण करणार, मासळी येऊन पडलीय, मालक मला काय म्हणतील. मालनबी म्हणली, मला काही नाही झालं, मी करते. मला एकवीस वर्षांची ती मीच उभी दिसली. पण ह्या टायमाला मी साठ वर्षांची होते अन् मागं चौघी होत्या. मी काकींचा हात धरला अन् म्हणलं, काकी, मी एकदा सांगून गप बसणारी बाई न्हाई आता. मी दहादा सांगीन. आम्ही जेवायला आलेल्या न्हाई असं समजा, मासळी मांजराला घाला, पण ह्या पोरीला घेतल्याबिगर मी इथून हलत न्हाई. तवा मेहरुनिसा काकींजवळ खाली फरशीवर बसली अन् हळूच म्हणली, काकी, तुम्हाला सून पाहिजे का मासळी? कठोर बोलली, पण आवाज असा मऊ, की काकींनी पदर तोंडाला लावला अन् म्हणल्या, मी येते बरोबर.

अँब्युलन्सला फोन केला तर ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. मंग अश्फाकला हाक मारली. तो पोरगा झोपाळ्यात पडलेला, चपला उलट्या घालून धावला. गाडीच्या मधल्या सीटवर मालनला डाव्या कुशीवर निजवलं, डोकं माझ्या मांडीवर, मेहरुनिसा पायाशी, लांब सुनंदा अन् काकी मागं. वत्सला अन् गिड्डी सुनंदा घर बघायला राहिल्या. वळणावळणाचा रस्ता, अश्फाकला म्हणलं, बाबा, पळव पण हिसका देऊ नको. मेहरुनिसा सारखी दुआ म्हणत होती, मी मालनशी सारखं बोलत होते, तुझ्या माहेरी कोण हाय, तुला कुठली भाजी आवडती, काहीबी, फक्त तिनं उत्तर द्यायला पाहिजे.

दवाखान्यात उतरलो तवा ध्यानात आलं ताई, आम्ही तिघी तशाच! पोपटी, ओल्याचिप्प, चालताना फरशीवर पाणी गळतंय. बाकड्यावरचे लोक उठून बघाया लागले, एक म्हातारा शेजारणीला म्हणला, भजनी मंडळ आलं वाटतं. ड्यूटीवर एक तरणी सिस्टर, तिनं आम्हाला खालून वर बगितलं अन् म्हणली, आजी, तुम्ही बाहेर थांबा. मी उभी राहिले अन् तोंडातून आपोआप निघालं, पहिलटकरीण, छत्तीस-सदतीस आठवडे, बीपी एकशे सत्तर-एकशे दहा दोनदा घेतलं, दोन्ही पायांवर सूज, चार दिवस डोकेदुखी, नजर अंधूक, झटका अजून न्हाई. ती पोरगी एकदम ताठ झाली. म्हणली, मॅडम, तुम्ही? म्हणलं, मी रिटायर सिस्टर हाय, तू डॉक्टरला बोलाव. अन् खरंच, जी पळाली ती, मला लई अभिमान वाटला तिचा. पाच मिन्टात डॉक्टर, इंजेक्शन, सलाईन. तिथून जिल्ह्याच्या दवाखान्याला अँब्युलन्सनं पाठवलं, आम्ही गाडीनं मागं. दुपारी सिझर झालं. मुलगी. वजन कमी, पण रडली बाई, अशी ठणठणीत रडली की बाहेर बाकड्यावर आम्ही तिघींनी एकमेकींच्या मांडीवर चापट्या मारल्या. डॉक्टर बाहेर आले, म्हणले, वेळेवर आणलंत, अन् दुसऱ्या पेशंटकडं गेले. बस, तेवढंच. आम्हाला तेवढंच पुरतं.

तिथं व्हरांड्यात काकी माझ्या शेजारी बसल्या होत्या. म्हणल्या, ताई, मी सुनेचं वाईट चिंतत नव्हते हो. मला भीती वाटली. काम बंद पडलं तर मालक दुसरी बाई ठेवतील, मुलगा बोटीवर, आमचं दोघींचं घर त्या चुलीवर चालतं. म्हणलं, काकी, मला कळतंय. त्या कंधारकडच्या म्हाताऱ्यालाबी सुगीचीच भीती होती, वाईट माणूस न्हवता तो. माणसं वाईट नसतात ताई, माणसं घाबरलेली असतात, अन् घाबरलेल्या माणसासमोर आपण घाबरून चालत न्हाई. हे कळायला मला नोकरी पुरी करावी लागली.

संध्याकाळी परत आलो तर व्हिल्याच्या मालकाचा मुंबईहून फोन. मॅडम, तुमची लई गैरसोय झाली, दुसरी बाई पाठवतो स्वयंपाकाला. मी म्हणलं, बाई नको, एकच करा, मालनची जागा मालनलाच ठेवा. ते म्हणले, हो हो, तिचीच आहे ती. मी म्हणलं, हे तुम्ही काकींना फोन करून तुमच्या तोंडानं सांगा. अन् त्यांनी सांगितलं, मी नंतर इचारून घेतलं.

मंग पुढचे दोन दिवस त्या घराच्या चुलीच्या आम्हीच मालकिणी. ती सुरमई मेहरुनिसानं उदगीरच्या काळ्या मसाल्यात केली, कोकणातल्या माशाला असा मसाला त्याच्या जन्मात लागला नसंल, अश्फाकनं चार भाकरी खाल्ल्या. बाळंतिणीसाठी वत्सलानं अळिवाची खीर केली, नारळ तर दारात होता. भांडी मीच घासली, बोलले होते ना. तिथं भांडी घासायची मशीन होती, पण तिची बटणं बघून आम्ही पाची जणी मागं सरलो. रोज एक गाडी दवाखान्याला, डबा घेऊन. वॉर्डातल्या बाया इचारायच्या, ह्या कोण तुझ्या? मालन म्हणायची, माझ्या नांदेड-लातूरच्या मावश्या. नवरा बोटीवरून तिसऱ्या दिवशी आला, पोरीला हातात घेतलं अन् कसं धरायचं ते कळंना, लांब सुनंदानं त्याला शिकवलं, मंग तो पोरीकडं बघून हसत राहिला.

समुद्र आम्ही शेवटच्या दिवशी बगितला, घंटाभर. पाण्यात पाय घातले, वाळू पायाखालून सरकती ती मौज बगितली. अन् निघायच्या आधी पुलात पाची जणी परत उतरलो. गिड्डी सुनंदानं मला पाठीवर झोपवलं, खाली हात धरला अन् म्हणली, आभाळाकडं बघ, अंग सोड. मी म्हणलं, तू हात काढशील. म्हणली, काढणार न्हाई. ताई, मी तरंगले. कानात पाणी गेलं अन् सगळा आवाज बंद झाला, वर नारळीची पानं हलत होती. तवा मला ती बाई आठवली, कंधारकडची. मी रडले, पाण्यात कुणाला दिसलं न्हाई. तिचं काही परत आलं न्हाई हो. एकीच्या बदल्यात दुसरी, असा सौदा कुठं असतोय? ती गेली ती गेलीच. पण त्या दिवशी मला तिची आठवण आली अन् तोंड फिरवावं वाटलं न्हाई, एवढं झालं.

आता ह्याला दीड वर्ष होत आलं. मालनची पोरगी चालती, व्हिडिओ कॉलवर आम्हाला पाचीजणींना आज्जी म्हणती, कोण कुठली ते तिला कळत न्हाई, आमच्या तोंडाकडं बघून टाळ्या वाजवती. वत्सलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मेहरुनिसा मक्केला उमऱ्याला जायची तयारी करून राहिली, लांब सुनंदाला ऐकू कमी येतंय अन् ती मान्य करत न्हाई. आमच्या मालकांना आता खिचडी खरंच येती, परवा त्यांनी शेजाऱ्यालाबी दिली. मी सकाळी इथं नांदेडात गोदावरीच्या घाटापर्यंत चालत जाते, येताना गल्लीतल्या पोरीसोरी थांबवतात, मावशी, जरा बगा की, असं होतंय, तसं होतंय. बगते. जिथं जायचं तिथं जा म्हणून सांगते. न्हाई गेल्या तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन बसते, चहा देतात, पिते.

तुम्ही एवढ्या लांबून आलात, माझी बडबड ऐकली, लिहून घेतली. माझं काय, मी बोलत राहणार. तुमच्या घरी कुणावर अशी वेळ येऊ नये, अन् आलीच तर उठून चार शब्द बोलणारं कुणीतरी जवळ असावं, ते आपलं असो का परकं. सुखात राहा ताई. आता उठू नका, जेवूनच जा.